विश्लेषण : ‘सगळं ठीक आहे, बाबा!’ वडील आखातात असलेल्या किशोरवयीन मुलांच्या मनात काय चाललेलं असतं?

शुक्रवारी सौदी अरेबियात सुट्टी असते. रियाध किंवा दम्मामच्या कामगार वस्तीत उशिरा उठलेला माणूस मोबाइल हातात घेतो, तेव्हा इकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळेत त्याच्या मुलाचा नववीचा तास सुरू असतो. रविवारी मुलगा घरी असतो, तर वडील कामावर. रोज रात्री बोलायचं म्हटलं, तर सौदीचं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे. काम संपवून, स्वयंपाक उरकून खोलीत निवांत बसेपर्यंत तिकडे साडेआठ वाजतात. तेव्हा इकडे रात्रीचे अकरा झालेले असतात.

मग दहा मिनिटांचा कॉल होतो. ‘अभ्यास चाललाय ना? चाचणीत किती पडले? आईला त्रास देऊ नकोस.’ इकडून ठरलेलं उत्तर जातं, ‘हो बाबा, सगळं ठीक आहे. तुम्ही कसे आहात?’ ‘मी मजेत.’ कॉल संपतो. दोन महिन्यांचा पगार थकलाय, हे वडिलांनी सांगितलेलं नसतं. गेले पंधरा दिवस शाळेत जावंसंच वाटत नाही, हे मुलाने सांगितलेलं नसतं.

थोड्याफार फरकाने असा संवाद कोकणापासून केरळपर्यंत असंख्य घरांत होतो. वडिलांच्या स्थलांतराचा किशोरवयीन मुलांच्या मनावर नेमका काय परिणाम होतो? त्यामागे फक्त अंतर आहे की आणखी काही? घर आणि शाळेला काय करता येईल? समजून घेऊ.

किती कुटुंबांचा हा प्रश्न आहे?

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीन या सहा आखाती देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या, या देशांत बांधकामं आणि कारखाने उभे राहू लागले आणि भारतातून कामगारांचा ओघ सुरू झाला. त्यात कुटुंब मागे ठेवून एकटे गेलेल्या पुरुषांचं प्रमाण मोठं आहे.

या स्थलांतराचा सर्वांत सातत्याने अभ्यास केरळमध्ये झाला. तिथे १९९८ पासून ठरावीक वर्षांनी ‘केरळ मायग्रेशन सर्व्हे’ होतो. २०२३ च्या पाहणीनुसार केरळमधून परदेशी गेलेल्यांची संख्या सुमारे २२ लाख आहे.

महाराष्ट्रात हे चित्र रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत ठळक दिसतं. दापोली, खेड, चिपळूण, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतल्या अनेक गावांत ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला ‘दुबईला असतात’ हे उत्तर सरसकट मिळतं. प्रत्यक्षात ते कुवेतला असले तरीही! कोकणाला घरातल्या कर्त्या पुरुषाने बाहेर असण्याची सवय जुनी. पूर्वी चाकरमानी मुंबईच्या गिरणीत असायचा आणि घर मनिऑर्डरवर चालायचं. पण तो गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. आखातातल्या माणसाला सणासाठी येणं इतकं सोपं नसतं. गोव्यातही आखाती नोकऱ्या आणि जहाजावरचं काम यामुळे अनेक घरांत वडील वर्षातले बरेच महिने नसतात.

पैशांच्या बाजूने पाहिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या रकमेत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, तर केरळचा १९.७ टक्के होता. ही रक्कम फक्त आखातातून आलेली नाही. तरी परदेशी कमाईवर किती घरं उभी आहेत, याचा अंदाज त्यातून येतो.

कुटुंबाला सोबत का नेलं जात नाही?

‘मग सगळ्यांनी तिकडेच का राहू नये?’ असा प्रश्न मुलांनाही पडतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा पगारात आणि नियमांत असतं.

अमिरातीत पत्नी आणि मुलांना आपल्या व्हिसावर ठेवायचं, तर महिन्याला किमान ४ हजार दिरहम पगार किंवा ३ हजार दिरहम आणि राहण्याची सोय अशी अट आहे. साध्या कामगाराचा पगार तिथवर पोहोचत नाही. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबित व्यक्तीवर दरमहा शुल्क लावलं. सुरुवातीला ते १०० रियाल होतं, दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० रियालवर गेलं. म्हणजे पत्नी आणि दोन मुलं सोबत ठेवायची तर वर्षाला १४,४०० रियाल, रुपयांत तीन लाखांहून जास्त फक्त शुल्कापोटी जातात. घरभाडं आणि शाळेची फी वेगळी.

त्यामुळे वडील एकटे जातात. अनेक ठिकाणी दोन वर्षांचा करार आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांची सुट्टी अशी पद्धत असते. आता हिशोब करा. मूल १३ ते १८ वर्षांचं होण्याच्या काळात एकूण ६० महिने येतात. त्यातले वडिलांच्या सोबतीचे महिने चार ते सहा.

संशोधन काय सांगतं?

या विषयावरचा एक मोठा आढावा ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १११ अभ्यास एकत्र करून सुमारे २ लाख ६५ हजार मुलांची माहिती तपासली गेली. आई किंवा वडील कामासाठी दूर गेलेल्या मुलांमध्ये, इतर मुलांच्या तुलनेत, नैराश्याचा धोका सुमारे ५२ टक्के जास्त, चिंतेचा ८५ टक्के जास्त आणि आत्महत्येचे विचार मनात येण्याचा धोका ७० टक्के जास्त आढळला.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्यायला हवी. ‘५२ टक्के जास्त’ म्हणजे ५२ टक्के मुलांना नैराश्य येतं, असं नाही. उदाहरणादाखल, एखाद्या गटातल्या १०० मुलांपैकी १० जणांना नैराश्याचा त्रास असेल, तर पालक दूर असलेल्या गटात तो साधारण १५ जणांना असेल. उरलेली ८५ मुलं त्या त्रासाशिवाय वाढत असतात. पण ती जास्तीची पाच मुलंही कुणाच्या तरी घरातली असतात, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

दुसरी मर्यादा म्हणजे या १११ पैकी ९१ अभ्यास चीनमधले होते. तिथे पालक परदेशी नव्हे, तर देशातल्याच शहरांत कामाला गेलेले होते. त्यामुळे हे आकडे कोकणाला किंवा केरळला जसेच्या तसे लावता येत नाहीत. मात्र दिशा स्पष्ट आहे. पालक दूर असल्यामुळे मुलांच्या आरोग्याला फायदा झाला, असं या आढाव्यात कुठल्याच निकषावर दिसलं नाही.

आखातासारख्या परदेशी स्थलांतराच्या जवळ जाणारा अभ्यास आग्नेय आशियात झाला. इंडोनेशिया, थायलंड, फिलिपिन्स आणि व्हिएतनाम या चार देशांतल्या, १२ वर्षांखालच्या मुलांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. इंडोनेशिया आणि थायलंडमध्ये वडील परदेशी असलेल्या मुलांचं मानसिक स्वास्थ्य तुलनेने कमकुवत आढळलं. फिलिपिन्स आणि व्हिएतनाममध्ये तसा फरक दिसला नाही.

म्हणजे वडील परदेशी गेले की मुलाचं मन बिघडणारच, असा नियम नाही. मागे राहिलेलं घर, नातेवाईक, शाळा आणि संवाद कसा आहे, यावर बरंच अवलंबून असतं. पालकांसाठी यातली सर्वांत मोठी दिलाशाची गोष्ट हीच आहे, कारण व्हिसाचे नियम बदलणं आपल्या हातात नसलं, तरी या गोष्टी काही प्रमाणात आपल्या हातात आहेत.

किशोरवयातच परिणाम जास्त का जाणवतो?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांपैकी एकाला कुठली ना कुठली मानसिक समस्या असते. म्हणजे वडील घरी असले तरी हे वय नाजूकच. शरीर बदलत असतं, मित्रांचं मत घरच्यांपेक्षा मोठं वाटू लागतं, दहावी-बारावीचं ओझं असतं. या वयात मुलं वडिलांशी भांडून, त्यांचं निरीक्षण करून, कधी त्यांच्यासारखं व्हायचं किंवा नाही हे ठरवून स्वतःला घडवतात. फोनवरच्या माणसाशी भांडताही येत नाही.

इथे ‘संदिग्ध वियोग’ ही कल्पना उपयोगी पडते. अमेरिकी अभ्यासक पॉलिन बॉस यांनी ती मांडली. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला होता. माणूस गेलेलाही नाही आणि असूनही सोबत नाही, अशा स्थितीत मनाला धड दुःखही करता येत नाही आणि धड पुढेही जाता येत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. आखातात गेलेले वडील बेपत्ता नसतात, हे खरं. पण फोटोत आणि कॉलवर असणारे, शाळेच्या पालकसभेत नसणारे, ‘पुढच्या वर्षी कायमचा येतो’ असं दरवर्षी सांगणारे वडील मुलाच्या मनात अशीच अर्धी जागा व्यापून राहतात.

त्यात घरातली भूमिका बदलते. ‘आता घरातला पुरुष तूच’ हे वाक्य १४ वर्षांच्या मुलाला कौतुकाने सांगितलं जातं. गॅस नोंदवणं, बँकेत जाणं, आजीला डॉक्टरकडे नेणं ही कामं तो करतोही. पण घाबरण्याचा, रडण्याचा हक्क त्या वाक्याबरोबर हळूच काढून घेतला जातो. थोरल्या मुलीच्या वाट्याला धाकट्या भावंडांची जबाबदारी येते. ‘वडील इथे नाहीत, लोक काय म्हणतील’ म्हणून तिच्या येण्याजाण्यावर बंधनंही वाढतात.

काही मुलांना स्वतःचं भविष्यही तिकडेच दिसू लागतं. दहावी पास झाल्यावर पासपोर्टवरची ‘ईसीआर’ ही स्थलांतर तपासणीची अट निघते, हे त्यांना अभ्यासक्रमाआधी ठाऊक असतं. मग ‘शिकून काय करायचं, जायचं तर तिकडेच’ असा सूर लागतो.

यात आईची भूमिका किती मोठी?

मुलाच्या मनापर्यंत पोहोचणारा सर्वांत मोठा रस्ता आईच्या मनातून जातो. आई सतत तणावात किंवा नैराश्यात असेल, तर मुलांच्या मानसिक त्रासाची शक्यता वाढते, हे अनेक देशांतल्या संशोधनात दिसलं आहे.

आखातात नवरा असलेल्या स्त्रीकडे घर, शेत, सासू-सासऱ्यांची दुखणी, मुलांच्या शाळा आणि कर्जाचे हप्ते असं सगळं एकटीवर येतं. केरळमध्ये अशा स्त्रियांवर स्वतंत्र संशोधन झालं आणि ‘गल्फ वाइफ’ हा शब्द रूढ झाला. त्यातून दोन्ही बाजू पुढे आल्या. बँक, सरकारी कचेऱ्या, पैशांचे निर्णय हाताळताना अनेकींचा आत्मविश्वास वाढला, पण एकटेपणाही वाट्याला आला.

गावात मात्र तिच्याबद्दल ‘महिन्याला पैसे येतात, हिला काय कमी?’ असंच बोललं जातं. त्यामुळे ती कुणाकडे तक्रार करत नाही. नवऱ्याला सांगावं तर ‘तो तिकडे एकटा, उगाच काळजी करेल.’ मुलं हे पाहतात आणि शिकतात की या घरात त्रास बोलून दाखवायचा नसतो.

व्हिडिओ कॉल असताना संवाद का तुटतो?

पूर्वी महिन्याने पत्र यायचं. नंतर आवाज भरलेल्या कॅसेट यायच्या. आता चेहरा रोज दिसू शकतो. तरी अडचणी आहेत. अमिरातीत व्हॉट्सॲपचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल बंद असतात, परवानगी असलेली वेगळी ॲप वापरावी लागतात. खोलीत सहा-आठ जण असतात, तिथे मुलाशी खासगी बोलणं अवघड. शिवाय दोन्हीकडच्या वेळा जुळत नाहीत.

पण खरी अडचण तांत्रिक नाही. कॉलचा वेळ थोडा असल्यामुळे तो ‘महत्त्वाच्या’ गोष्टींना दिला जातो. महत्त्वाच्या म्हणजे मार्क, फी, पैसे आणि तक्रारी. वडिलांचा कॉल मुलाला हळूहळू तपासणीसारखा वाटू लागतो. मग तो कॉल टाळतो, ‘नेट नव्हतं’ म्हणतो. वडिलांना वाटतं, मुलगा दुरावला. ते आणखी प्रश्न विचारतात.

त्यात उपकाराचं ओझं असतं. ‘तुझ्यासाठीच राबतोय’ हे वडिलांचं वाक्य खोटं नसतं. एजंटला दिलेले पैसे, त्यासाठी काढलेलं कर्ज, ४५ अंश उन्हातलं काम हे सगळं मुलाला माहीत असतं. त्यामुळेच ‘मला तुमची आठवण येते, मला इथे बरं वाटत नाही’ असं म्हणणं त्याला कृतघ्नपणाचं वाटतं. फी भरलेली असते, हातात चांगला मोबाइल असतो. मग तक्रार करायची तरी कशाची?

पैशांचा फायदा खरा आहे, हेही विसरता येत नाही. त्या कमाईतून कर्ज फिटतं, पक्कं घर होतं, मुली कॉलेजात जातात. मात्र पैशाने शाळेची फी भरता येते. ‘सगळं ठीक आहे’च्या मागचं ऐकण्यासाठी वेळ द्यावा लागतो.

वडील कायमचे परत आले की सगळं सुरळीत होतं का?

लगेच नाही. २०२० मध्ये कोरोनाकाळात ‘वंदे भारत’ मोहिमेतून अनेक कामगार नोकरी गमावून परतले. केरळच्या पाहणीत परतलेल्यांची संख्या २०१८ मध्ये सुमारे १२ लाख होती, ती २०२३ मध्ये सुमारे १८ लाखांवर गेली.

परतलेल्या वडिलांच्या डोक्यात ११ वर्षांचं मूल असतं, समोर १६ वर्षांचा मुलगा उभा असतो. घर चालवण्याची पद्धत तोवर आई आणि मुलांनी ठरवलेली असते. वडील शिस्त लावायला जातात, मुलं ‘इतकी वर्षं कुठे होतात?’ असं मनात किंवा तोंडावर म्हणतात. नोकरी जाऊन परतले असतील, तर वडिलांचाही स्वाभिमान दुखावलेला असतो. हा काळ दोघांसाठी नव्या ओळखीचा असतो आणि त्याला महिने लागतात, हे आधीच माहीत असलं तर भांडणं कमी टोकाला जातात.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावं?

प्रत्येक चिडचिड म्हणजे आजार नव्हे. पण पुढच्या गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या, तर त्या वयाचा हट्ट म्हणून सोडून देऊ नयेत.

– झोप आणि भूक यांत मोठा बदल, रात्रभर मोबाइलवर जागणं
– शाळा टाळणं, मार्क अचानक घसरणं
– मित्र, खेळ, आवडीच्या गोष्टी यांतून मन उडणं
– वारंवार डोकं किंवा पोट दुखणं, तपासणीत मात्र काही न सापडणं
– वडिलांचा कॉल नेहमी टाळणं किंवा कॉलनंतर रडणं, चिडणं
– व्यसनाची सुरुवात, मारामारी
– जरुरीपेक्षा जास्त ‘शहाणं’ वागणं, कधीच काही न मागणं

शेवटची खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण अशा मुलाचं कौतुक होत असतं. आणि ‘मी नसलो तर बरं होईल’ अशा अर्थाचं बोलणं कानावर आलं, तर दोन आठवडे थांबायचं नाही. मुलाला एकटं न सोडता त्याच दिवशी मदत घ्यायची.

घर आणि शाळेला काय करता येईल?

कॉलची वेळ ठरवा. रोज नसला तरी चालेल, पण ठरलेल्या दिवशी नक्की असावा. प्रत्येक मुलाशी थोडं वेगळं बोलावं. पहिली पाच मिनिटं मार्क आणि पैसे हे विषय बंद.

वडिलांनी स्वतःचा दिवस सांगावा. आज जेवायला काय केलं, खोलीत कोणाशी वाद झाला, घरची आठवण कधी आली. वडील ‘मी मजेत’च्या पलीकडे गेले, तर मुलालाही ‘ठीक आहे’च्या पलीकडे जाता येतं. पगार थकल्याचा सगळा तपशील मुलावर टाकायची गरज नाही, पण ‘हा महिना जरा अवघड आहे’ एवढं खरं सांगता येतं.

येण्याची खोटी तारीख देऊ नये. ‘पुढच्या ईदला नक्की’ किंवा ‘गणपतीला येतोच’ असं सांगून न येण्यापेक्षा ‘अजून रजा मंजूर नाही, कळलं की तुलाच आधी सांगेन’ हे मुलाला सोसतं.

आईला सुट्टी आणि सोबत मिळावी. मामा, काका, आत्या, आजोबा यांपैकी एखाद्याने आठवड्यातून एकदा मुलासोबत वेळ घालवला तरी फरक पडतो. हा माणूस हिशोब विचारणारा नसावा, ऐकणारा असावा.

शाळेने वर्गातल्या कोणत्या मुलांचे पालक परदेशी आहेत, याची शांतपणे नोंद ठेवावी. पालकसभेत व्हिडिओ कॉलवर वडिलांना सहभागी करून घेणं आज अवघड नाही. वर्गशिक्षकांनी महिन्यातून एकदा बाजूला बसवून ‘कसं चाललंय?’ एवढं विचारलं, तरी मुलाला बोलायला जागा मिळते.

सरकारी पातळीवर ‘टेली-मानस’ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर २४ तास मराठीतही बोलता येतं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशन केंद्रं आहेत, महाराष्ट्रात ती ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. परदेशी जाणाऱ्या कामगारांना परराष्ट्र मंत्रालयातर्फे निघण्यापूर्वीचं प्रशिक्षण दिलं जातं. त्यात करार, कायदे, पैसे यांबरोबर ‘घरी कसं बोलाल’ यावर अर्धा तास दिला आणि पत्नी-मुलांनाही बोलावलं, तर फार खर्च न येता ते घरापर्यंत पोहोचेल.

थोडक्यात काय?

वडिलांनी परदेशी जाणं हा बहुतेक घरांत हौसेचा नव्हे, तर गरजेचा निर्णय असतो. त्याबद्दल त्यांना अपराधी ठरवून मुलांचं भलं होणार नाही. अंतराने धोका वाढतो, पण एकमेकांना जपण्यासाठी दोन्ही बाजूंनी लपवलेला त्रास मुलाला खऱ्या अर्थाने एकटं पाडतो.

त्यामुळे या शुक्रवारी कॉल लागला आणि पलीकडून ‘सगळं ठीक आहे, बाबा’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारता येईल, ‘आणि ठीक नाही असं काय आहे?’ उत्तर लगेच येणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या कॉललाही कदाचित येणार नाही. पण हा प्रश्न विचारला जातो, एवढं मुलाला कळलं, की एक दिवस ते येतं.